जखमेवरची दारू आणि अबकारीचा पहारा

१८१९ च्या जानेवारीत पैनगंगेच्या खोऱ्यातल्या नोव्हाच्या गढीला निजामाच्या कवायती फौजेनं वेढा घातला. गढीत हटकर सरदार नौसाजी नाईक यांची माणसं आणि अरब शिबंदी होती. बाहेर मेजर पिटमनच्या हाताखाली पायदळ, घोडदळ आणि तोफा. महिनाअखेरीस हल्ला चढवून गढी घेतली गेली. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल यानं उभी केलेली ही फौज तेव्हा रसेल ब्रिगेड म्हणून ओळखली जाई. पुढं तिचं नाव हैदराबाद कंटिंजंट झालं, आणि हिंगोली हे तिच्या मुख्य ठाण्यांपैकी एक बनलं. १९०३ मध्ये ही फौज हिंदुस्थानच्या लष्करात विलीन होईपर्यंत हिंगोली हे छावणीचं गाव होतं.

छावणी आली की तिच्यासोबत दवाखाना येतो आणि दारूचं दुकानही येतं. दवाखान्यातला डॉक्टर आणि दुकानातला कलाल एकाच द्रवाचा व्यवहार करत होते. तो द्रव पोटात घालायचा, जखमेवर ओतायचा की दिव्यात जाळायचा, हे ठरवण्यात पुढच्या दोनशे वर्षांत डॉक्टरांपेक्षा सरकारचा वाटा फारसा कमी नव्हता. हिंदी सिनेमात नायकाला गोळी लागली की तो दातानं बूच उपटतो, दोन घोट घेतो आणि उरलेली बाटली जखमेवर रिकामी करतो. ते पाहून वाटतं, दारूनं जखम धुण्याची रीत फार जुनी आणि सर्वत्र रुळलेली असावी. आपल्याकडच्या दवाखान्यांत मात्र ती आली सरकारी बाटलीतून, आणि त्या बाटलीवर अबकारी खात्याची नजर होती.

नोव्हाच्या आधी पंधराएक वर्षं याच मराठवाड्यात त्याहून फार मोठी लढाई झाली होती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, आर्थर वेलस्लीच्या फौजेचे अकराशेहून अधिक लोक जखमी झाले. त्यांच्यासाठी अजिंठ्याला रुग्णालय उघडावं लागलं. त्या काळच्या लष्करी सर्जनच्या पेटीत करवत, चिमटे, सुया, दोरे, मऊ कापडाच्या पट्ट्या, अफूचा अर्क, टर्पेंटाइन आणि वाइनचं स्पिरिट असे. गोळी काढायची, चुराडा झालेला अवयव कापायचा, पट्टी बांधायची, आणि पू होण्याची वाट पाहायची. हो, वाट पाहायची. घट्ट पांढरा पू ही जखम भरत असल्याची खूण आहे असं बहुतेक सर्जन मानत. दारूचा मोठा वाटा रुग्णाच्या पोटात जाई. गोऱ्या सोल्जराला रोजच्या शिध्यातच अरक मिळत असे. जखमी झाल्यावर ब्रँडी किंवा पोर्ट वाइन ‘ताकदीसाठी’ दिली जाई. त्या पेटीत जखमेसाठी दारूमिश्रित अर्कही असत. लोबान दारूत विरघळवून केलेला बाल्सम कापलेल्या जागेवर लावत, पण त्यात गुण लोबानाचा आणि दारू हे नुसतं वाहन, अशी समजूत होती.

निजामाच्या शिपायांपैकी बरेच जण या पेटीला शिवायलाही तयार नसावेत, असं मला वाटतं. त्यांच्यासाठी जर्राह होते. हे मुसलमान शस्त्रवैद्य हाड बसवत, गळू फोडत, मलम लावत. गावागावांत न्हावी तेच काम करी. शेतात विळा लागला तर कडुनिंबाचं पाणी, हळद आणि तूप, चुना, किंवा बांधावरचा दगडी पाला हातावर चुरडून त्याचा रस. दगडी पाला मुळात अमेरिका खंडातला. आज मराठवाड्यातला कोणताही गुराखी तो आपल्या आजोबांचं औषध म्हणून दाखवेल. सुश्रुतसंहितेत व्रणावरचे साठ उपक्रम सांगितले आहेत. काढ्यांनी धुणं, तूप-मधाचे लेप, जखमी माणसाच्या खोलीत गुग्गुळ आणि मोहरीची धुरी असे त्यांत पुष्कळ प्रकार येतात. शस्त्रकर्माच्या आधी वेदना सहन व्हावी म्हणून मद्य पाजायलाही सुश्रुत सांगतो. म्हणजे तिथंही मद्याचं ठळक काम पोटातूनच व्हायचं.

जखमेवर दारू ओतण्याची परंपरा होती ती भूमध्य समुद्राभोवतीची, आणि ती होती वाइनची. हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथात जखम ओली करू नये, करायचीच तर वाइननं, असा सल्ला आहे. बायबलातल्या दयाळू शोमरोनी माणसाच्या गोष्टीत तो वाटेवर पडलेल्या जखमी माणसाच्या घावांवर तेल आणि द्राक्षारस ओततो. वाइनमध्ये दारूचं प्रमाण जेमतेम दहा-बारा टक्के. एवढ्यानं जंतू मरत नाहीत. तिचा जो काही उपयोग होत असेल तो बराचसा आंबटपणाचा आणि द्राक्षाच्या सालीतल्या घटकांचा, शिवाय धुण्याचा. मध्ययुगात ऊर्ध्वपातनाची कला अरबांकडून युरोपात रुळली आणि ब्रँडी आली. चौदाव्या शतकात गी द शोलियाक हा फ्रेंच शस्त्रवैद्य जखमांसाठी ब्रँडी वापरायला सांगत होता. पाचशे वर्षांनी, १८६० च्या दशकात, पॅरिसचे नामांकित सर्जन ओग्यूस्त नेलातों शस्त्रक्रियेनंतरच्या जखमांना दारूत भिजवलेल्या पट्ट्या बांधत होते. त्यांच्या जखमा कमी चिघळत. पण का, हे सांगता येत नव्हतं, कारण जंतू हा जखमेचा शत्रू आहे हेच अजून कुणी पटवून दिलेलं नव्हतं.

ते पटवलं जोसेफ लिस्टरनं, पण दारूनं नव्हे, कार्बोलिक ॲसिडनं. १८६५ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगोला गाडीखाली पाय मोडलेल्या एका मुलाच्या उघड्या जखमेवर त्यानं कार्बोलिकचा प्रयोग केला. मुलाचा पाय वाचला. १८६७ मध्ये लिस्टरचे लेख प्रसिद्ध झाले. कार्बोलिकचा आणखी एक फायदा होता. ते कोळशाच्या डांबरातून निघे. डांबर हा गॅस-कारखान्यांचा टाकाऊ माल, त्यामुळं कार्बोलिक स्वस्त होतं. दारू महाग होती, आणि ती महाग होती ती करामुळं. रुग्णालयाला दारू हवी असेल तर पिणाऱ्याएवढाच कर भरावा लागे. इंग्लंडनं यातून १८५५ मध्ये एक तोड काढली. नऊ भाग स्पिरिटमध्ये एक भाग लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून निघणारा नॅफ्था मिसळायचा. त्यात मिथाइल अल्कोहोल असतं. मिश्रण दुर्गंधी आणि पिण्यास घातक होतं, म्हणून त्यावर कर नाही. हे मेथिलेटेड स्पिरिट. पुढं गल्लोगल्लीच्या किराणा दुकानांत मिळणारं, स्टोव्ह पेटवायच्या काकड्यावर ओतायचं स्पिरिट याच वंशाचं. जखमेचं औषध आणि पिण्याची दारू यांच्यात सरकारनं घातलेली पहिली भिंत म्हणजे हा घाण वास.

मग १८८१ साल उजाडलं आणि दारूची प्रतिष्ठा पार उतरली. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखनं निरनिराळ्या जंतुनाशकांची परीक्षा घेतली. रेशमी धाग्यांवर काळपुळी रोगाचे बीजाणू वाळवायचे, धागे औषधात बुडवून ठेवायचे, आणि नंतर बीजाणू उगवतात का ते पाहायचं. दारूत बुडवलेले बीजाणू शंभराहून अधिक दिवसांनंतरही जिवंत निघाले, शुद्ध दारूतलेसुद्धा. कॉखचा शब्द म्हणजे त्या काळी ब्रह्मवाक्य. दारू जंतुनाशक नाही, असा बोलबाला झाला.

कॉखचा प्रयोग बरोबर होता. लोकांनी काढलेला निष्कर्ष तेवढा बरोबर नव्हता. बीजाणू म्हणजे जंतूंचं कवच घालून झोपलेलं रूप. ते दारूला दाद देत नाहीत. जागे जंतू देतात. १८८८ मध्ये फ्युरब्रिंगर नावाच्या जर्मन डॉक्टरनं सर्जनच्या हातांवर दारू वापरून पाहिली आणि हात चांगले निर्जंतुक होतात असं दाखवलं. त्यानंतर वाद रंगला. एकाच्या प्रयोगात दारू जंतू मारी, दुसऱ्याच्या प्रयोगात मारत नसे. गुंता सुटला तो पाण्यामुळं. १८९७ मध्ये एप्स्टाइननं दाखवलं की निर्जळ दारू जवळपास निरुपयोगी, आणि निम्मं पाणी घातलेली दारू कामाची. १९०३ मध्ये बोस्टनच्या हॅरिंग्टन आणि वॉकर यांनी साठ ते सत्तर टक्क्यांची पट्टी आखून दिली. १९११ मध्ये बायरनं वजनानं सत्तर टक्के हे प्रमाण सर्वांत परिणामकारक ठरवलं. दारू जंतूची प्रथिनं गोठवते, आणि हे गोठवण्याचं काम नीट व्हायला पाणी लागतं. निर्जळ दारू जंतूच्या बाहेरच्या थराला झटक्यात सुकवते आणि आतला भाग सुटतो. जास्त कडक दारू म्हणजे जास्त परिणाम, हा पिणाऱ्यांचा अनुभव जंतूंना लागू पडत नव्हता.

ही आकडेमोड मी मुद्दाम सांगतो आहे, कारण अबकारी खात्याकडंही कडकपणा मोजण्याची स्वतःची पद्धत होती आणि ती आजही आपल्या देशी दारूच्या बाटलीवर छापलेली दिसते. जुन्या इंग्लंडात दारूत बंदुकीची दारू भिजवून पेटवत. पेटली तर दारू ‘प्रूफ’, नाही पेटली तर पाणी जास्त. हे प्रमाण म्हणजे सुमारे ५७ टक्के. महाराष्ट्रातली देशी दारू ‘२५ अंडर प्रूफ’ असते, म्हणजे ४२.८ टक्के. व्हिस्कीचंही साधारण तेच. दोन्ही साठ टक्क्यांच्या खाली. सिनेमातल्या नायकाची बाटली पिण्यासाठी बनवलेली होती. तिनं जखम चुरचुरेल, ती बऱ्यापैकी धुतलीही जाईल, पण दवाखान्यातल्या सत्तर टक्क्यांच्या स्पिरिटची सर तिला नाही. हातभट्टीचं तर प्रमाणच कुणाला सांगता येत नाही.

या सगळ्या शोधांचा निजामाच्या मुलखाशी संबंध आला तो हळूहळू. हैदराबादला १८४६ मध्ये डॉ. मॅक्लीन यांच्या देखरेखीखाली वैद्यकशाळा सुरू झाली होती, आणि तिथलं शिक्षण उर्दूतून होई. तिथं शिकलेले डॉक्टर पुढं जिल्ह्यांच्या दवाखान्यांत गेले. परभणी, नांदेड, हिंगोली या भागात माणसाला स्पिरिट, टिंचर आयोडीन आणि कार्बोलिक यांची पहिली ओळख बहुधा अशा दवाखान्यांतून किंवा छावणीच्या रुग्णालयातून झाली. १९०८ मध्ये फ्यूमे बंदरातल्या अंतोनियो ग्रोसिक या सर्जननं शस्त्रक्रियेआधी कातडीवर आयोडीनचं टिंचर फासायची पद्धत रूढ केली. महायुद्धात ती जगभर गेली. टिंचर म्हणजे दारूत विरघळवलेलं औषध. लाल-तपकिरी डाग, नाकात जाणारा वास आणि झोंबणं, या तिन्हींमुळं ‘टिंचर’ हे मराठवाड्यात जखमेच्या औषधाचं सर्वसाधारण नाव होऊन बसलं.

दुसरीकडं, निजामाच्या तिजोरीत अबकारीचा पैसा फार मोठा होता, शेतसाऱ्याच्या जोडीनं नाव घ्यावं इतका. शिंदीच्या झाडांवर कर, मोहाच्या दारूच्या भट्ट्यांचे लिलाव, मक्तेदारांची माणसं. मोहाचं फूल हे गरिबाचं दुष्काळातलं अन्न, पण सरकारी डोळ्यांना त्यात आधी दारू दिसे. शेजारच्या मुंबई इलाख्यात तर १८९२ मध्ये ठाणे-कुलाबा भागासाठी मोहाच्या फुलांच्या साठ्यावरच कायदा झाला. पहिल्या महायुद्धात हेच फूल एकाएकी लष्कराच्या कामाचं ठरलं. तोफेच्या दारूसाठी लागणारं ॲसिटोन मोहापासून काढायचा कारखाना नाशिकला उभारला गेला. हैदराबाद संस्थानात अबकारी इतकी लोकांच्या डोळ्यांत सलत होती की १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडं तोडणं हा लढ्याचा एक भाग झाला. निजामाचं उत्पन्न तोडायचं तर कुऱ्हाड शिंदीवर घालायची.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. त्याच सुमारास शेजारच्या मुंबई राज्यात बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई दारूबंदीचा कायदा करत होते. १९४९ चा हा मुंबई दारूबंदी कायदा ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण बंदीच्या रूपात अंमलात आला, आणि दारू व औषध यांच्यामधली भिंत एकदम सगळ्यांना दिसू लागली. कायद्यातली दारूची व्याख्या इतकी ऐसपैस होती की तिच्यात व्हिस्की-बिअरसोबत औषधी वाइन, टिंचर, ओ-द-कोलोन आणि लॅव्हेंडर वॉटरही येत होतं. घरात टिंचर आयोडीनची बाटली ठेवणारा गृहस्थ कागदोपत्री तरी गुन्हेगार ठरत होता.

मुंबईचे एफ. एन. बलसारा हायकोर्टात गेले. मागणी साधी होती. स्वतःच्या वापरासाठी व्हिस्की, ब्रँडी, वाइन, औषधी वाइन, ओ-द-कोलोन, लॅव्हेंडर वॉटर आणि दारू असलेली औषधं बाळगू आणि वापरू द्या. २२ ऑगस्ट १९५० ला मुख्य न्यायाधीश छागला आणि न्या. भगवती यांनी कायद्यातली बरीच कलमं घटनाबाह्य ठरवली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २५ मे १९५१ च्या निकालात न्या. फझल अली यांनी दारूबंदी मूलतः उचलून धरली, पण औषधी आणि प्रसाधनाच्या वस्तूंवरची बंदी अवाजवी ठरवून रद्द केली. घटनेच्या सत्तेचाळिसाव्या कलमात दारूबंदीचा निर्देश आहे आणि त्याच वाक्यात औषधी उपयोगाचा अपवादही आहे. बलसारा यांची व्हिस्की गेली, औषधं वाचली. विधीच्या अभ्यासक्रमात हा खटला मूलभूत हक्कांच्या प्रकरणात शिकवतात. जखमेवरच्या स्पिरिटच्या इतिहासातही त्याची जागा आहे, ती कुणी फारशी सांगत नाही.

निकाल आल्यावर सरकार गप्प बसलं नाही. औषधाच्या नावाखाली लोक टिंचर प्यायला लागले होते. आल्याचं टिंचर, औषधी वाइन, जे मिळेल ते. म्हणून कायद्यात दुरुस्ती करून तज्ज्ञांचं मंडळ नेमायची तरतूद झाली. कोणती वस्तू मादक पेय म्हणून पिण्यासारखी आहे आणि कोणती नाही, हे मंडळानं सांगायचं. १९५५ मध्ये केंद्रानं औषधी व प्रसाधनांच्या दारूवर अबकारी कर बसवणारा वेगळा कायदा केला. प्रकृतीच्या कारणावरून पिण्याचा परवाना द्यायचीही सोय होती, आणि दारूबंदीच्या काळात मुंबईत अनेकांची प्रकृती एकाएकी नाजूक झाली, हे त्या पिढीचे लोक हसत हसत सांगत.

हिंगोली या सगळ्यात आली ती १९५६ नंतर. राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९५९ मध्ये दारूबंदी कायद्याचा विस्तार मराठवाडा-विदर्भापर्यंत झाला. निजामाच्या काळात शिंदीचं दुकान उघड होतं, ते आता आडबाजूला गेलं. नवसागराची हातभट्टी आली. जिल्हा परिषदा १९६२ मध्ये झाल्या, त्यांच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्पिरिटची बाटली कपाटात कुलपाखाली असे. त्याचं कारण औषधाची किंमत हे नव्हतं, बाटली पिणाऱ्याच्या हाती लागेल ही भीती होती. बंदी पुढं टप्प्याटप्प्यानं सैल झाली, पण स्पिरिटचा हिशेब ठेवण्याची सवय गेली नाही.

आणि या सगळ्या काळात शेतातल्या माणसाला ज्या गोष्टीनं मारलं, तिच्यावर दारूचा उपयोग शून्य होता. ती गोष्ट म्हणजे धनुर्वात. १८८४ मध्ये निकोलायरनं मातीत आणि १८८९ मध्ये कितासातोनं प्रयोगशाळेत तिचा जंतू गाठला. गुरांच्या शेणात सापडणारा, मातीत बीजाणू होऊन वर्षानुवर्षं पडून राहणारा. कॉखच्या रेशमी धाग्यांवर जे घडलं तेच इथं. शेणखत टाकलेल्या काळ्या रानात पायात काटा घुसला, किंवा दाईनं नाळ विळ्यानं कापून त्यावर राख लावली, तर वरून कितीही स्पिरिट ओता, बीजाणू मरत नाहीत. जखम खोल असेल तर ते हवेविना आत उगवतात. धनुर्वाताला आळा घातला तो लशीनं, आणि गरोदर बायांना दिलेल्या टीटीच्या इंजेक्शननं, आणि स्वच्छ पात्यानं कापलेल्या नाळेनं. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातला माता व नवजात बालकांचा धनुर्वात संपुष्टात आल्याचं मान्य केलं. इंजेक्शनच्या आधी दंडावर फिरणारा स्पिरिटचा बोळा सगळ्यांच्या लक्षात राहिला. खरं काम बोळ्यानंतरच्या सुईत होतं.

हळदीचीही एक कथा इथं सांगायला हवी, कारण हिंगोली जिल्ह्याची हळद आज देशात नावाजलेली आहे आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. १९९५ मध्ये अमेरिकेनं मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यक केंद्राला हळदीनं जखम भरून आणण्याचं पेटंट दिलं. वसमतच्या शेतकऱ्याच्या आईला हे कळलं असतं तर तिनं कपाळावर हात मारला असता. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं जुने ग्रंथ आणि लेख मिळून ३२ पुरावे सादर केले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. मजा अशी की याच हळदीशेजारी जिल्ह्यात ऊस उभा आहे. उसाच्या मळीतून निघणारं इथेनॉल म्हणजेच सत्तर टक्क्यांच्या बाटलीतलं ते स्पिरिट. जखमेवरचं देशी औषध आणि विलायती म्हणवलेलं औषध, दोन्हींचा कच्चा माल शेजारच्या वावरात.

२०२० च्या मार्चमध्ये, कोरोनाच्या साथीत, हँड सॅनिटायझर आवश्यक वस्तूंच्या यादीत आलं आणि राज्यातले साखर कारखाने रातोरात सॅनिटायझर बनवू लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ८० टक्के इथेनॉल होतं. हिंगोलीत एप्रिलमध्ये राज्य राखीव पोलीस दलाचे जवान मालेगाव-मुंबईच्या बंदोबस्तावरून परतले आणि बाधित निघाले. छावणीच्या या गावात रुग्णांचा आकडा वाढला तो वर्दीतल्या माणसांमुळं. दारूची दुकानं बंद, सॅनिटायझर हवं तेवढं. जे व्हायचं ते शेजारच्या यवतमाळात झालं. ३१ जानेवारी २०२१ ला घाटंजी तालुक्यात पोलिओच्या डोसाऐवजी बारा बालकांच्या तोंडात सॅनिटायझरचे थेंब पडले. मुलं वाचली. एप्रिलमध्ये वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेले सात जण दगावले. त्याआधी २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथाइल अल्कोहोल मिसळलेल्या दारूनं शंभराहून अधिक लोक मेले होते. १८५५ मध्ये इंग्लंडनं घातलेली घाण वासाची भिंत पिणाऱ्याला अडवू शकली नव्हती. ज्याच्याकडं पर्याय नाही तो ती ओलांडतो आणि मरतो.

डॉक्टरांचं म्हणणं आता बरंच बदललं आहे. साध्या उघड्या जखमेत स्पिरिट ओतू नका, असं ते सांगतात. ते जंतूंबरोबर नवी येणारी पेशीही जाळतं आणि जखम भरायला उशीर होतो. वाहतं स्वच्छ पाणी भरपूर, भोवतीच्या कातडीला साबण, मग स्वच्छ पट्टी. जखमेवर मातीचा संशय असेल तर धनुर्वाताची सुई. स्पिरिटची जागा अखंड कातडीवर, हातांवर, अवजारांवर. एक अपवाद मात्र आहे, आणि खेड्यात तो माहीत असायला हवा. कुत्रा चावला तर आधी वाहत्या पाण्यानं आणि साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची, आणि मग पोव्हिडोन आयोडीन किंवा अल्कोहोल लावता येतं, कारण पिसाळीच्या विषाणूवरचं चरबीचं आवरण साबणानंही आणि दारूनंही विरघळतं. पण धुऊन झाल्यावर लस घ्यायला दवाखान्यात जायचंच.

बाटलीचा मालक कोण, हा वाद मात्र अगदी अलीकडेपर्यंत चालू होता. औद्योगिक अल्कोहोलवर राज्यांचा अधिकार की केंद्राचा, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीशांपुढं आला. २३ ऑक्टोबर २०२४ ला तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी आठ विरुद्ध एक बहुमताचा निकाल लिहिला. न्या. नागरत्ना यांचं मत वेगळं होतं. बहुमतानुसार राज्यघटनेतल्या ‘मादक मद्य’ या शब्दांत पिण्याची दारूच नव्हे, तर जिच्यापासून ती बनू शकते ते रेक्टिफाइड स्पिरिट आणि मेथिलेटेड स्पिरिटही येतं, कारण लोक तेही पितात आणि मरतात. त्यामुळं ते राज्यांच्या अखत्यारीत. १९८९ मधला आपलाच सात न्यायाधीशांचा निकाल न्यायालयानं त्यासाठी रद्द केला. अपवाद केला तो तयार मालाचा, आणि त्याचं उदाहरण म्हणून निकालात नाव घेतलं ते हँड सॅनिटायझरचं. पिंपात असेपर्यंत स्पिरिट मादक मद्य, सॅनिटायझरच्या बाटलीत गेल्यावर नाही.